म्हसोबाचं मागचं दार

आमच्या चिंचवडच्या शेतात कंपनीचं गोडाऊन उभं राहायला लागलं, तेव्हा सगळ्यांच्या आधी अडून बसला तो म्हसोबा. बांधावरचा शेंदूर लावलेला दगड, पण तो नेमका मागच्या भिंतीच्या आत येत होता. साहेब म्हणाला, दगड दुसरीकडे नेऊ, छान चौथरा बांधून देऊ. माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायचे, तिथेच मांडी घालून बसल्या. "द्येव जाग्यावरनं हलत न्हाई. तुमीच काय ते हला."

शेवटी साहेबच हलला. मागच्या भिंतीत वाकून जाता येईल एवढं दार ठेवलं आणि त्याची किल्ली आत्याबाईंच्या कमरेला आली. दर अमावास्येला त्या आत जाऊन शेंदूर लावायच्या, नारळ फोडायच्या आणि कुलूप लावून परत यायच्या. जमीन भाड्याने दिली म्हणून माझ्या नवऱ्याला पुढच्या गेटवर वॉचमनची नोकरी मिळाली. पुढे मुलगा, मागे आई. एवढी राखण पोलीस चौकीला तरी असेल का, असं मी गमतीने म्हणायचे.

गोडाऊनमध्ये टॉर्चचे सेल असायचे. मुंबईहून खोकी यायची आणि इथून गावोगावच्या दुकानांना जायची. सेल म्हणजे चोराच्या सोयीचा माल, खिशात मावणारा आणि कुठेही खपणारा. मोजणीत खोकी कमी भरायला लागली. गेटवर हे हमालांचे खिसे, मुंडाशी, जेवणाचे डबे, सगळं तपासायचे, तरी माल कमीच. मग साहेब आला, गोडाऊनला चक्कर मारली आणि मागच्या दारापाशी थांबला. किल्ली कुणाकडे, असं त्याने विचारलं. ह्यांनी खरं तेच सांगितलं. साहेब म्हणाला, "पुढच्या मोजणीत माल कमी आला तर मला दुसरा वॉचमन बघावा लागेल."

त्या दिवशी हे जेवले नाहीत. शेत हातचं गेलेलं, आणि शेतीखेरीज ह्यांना दुसरं काही येत नव्हतं. ही नोकरी गेली तर पोरांच्या ताटात काय वाढायचं, या विचाराने मी सैरभैर झाले.

मी मुळातच भित्री. तेव्हापासून माझा जीव त्या किल्लीत अडकला. आत्याबाई फक्त आंघोळीला ती काढायच्या, तेव्हा मी न्हाणीबाहेर किल्ली मुठीत धरून उभी राहायचे. "सुनंला येवढी सेवा कवापासनं सुचाया लागली?" त्या आतून विचारायच्या. दूधवाला, शेजारी, दळण न्यायला येणारी बाई, सगळेच मला चोर दिसायला लागले. त्यातच रावेतहून माझा सख्खा भाऊ आला, हातात नवी कोरी टॉर्च. भर दुपारी तो ती लावून दाखवत होता. तो हातपाय धुवायला गेला तशी मी टॉर्चचं झाकण फिरवून सेल बाहेर काढले. दुसऱ्याच कंपनीचे होते! त्या आनंदात मी त्याला शिरा करून घातला. आज एवढा लाड कसला, हे त्याला कधीच कळलं नाही.

पुढच्या अमावास्येला मी आत्याबाईंबरोबर गेले. दाराच्या चौकटीवरून कुलपापर्यंत कोळ्याने जाळं विणलेलं होतं. कोळ्याला शिव्या देत त्यांनी ते पदराने झटकलं. मी मात्र बघतच राहिले. मधल्या दिवसांत ह्या दाराला कुणी हातही लावला नव्हता. घरी आल्यावर मी ह्यांना सांगितलं, तर म्हणाले, "साहेब काय कोळ्याची साक्ष घेनार हाय व्हय?"

आत्याबाई चुलीपाशी बसून ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या गेटवर गेल्या आणि किल्ली साहेबाच्या हातावर ठेवली. "दार बुजवा. आन मग माझ्या ल्येकाकडं बोट दावा." गवंडी लगेच आला. शेवटची वीट बसेपर्यंत त्या तिथेच उभ्या होत्या. आता म्हसोबाचं काय, मी विचारलं. "त्यो हाय तितं हाय. त्याला कोन चोरतंय?"

माझी काळजी उलट वाढली. आता माल कमी भरला तर बोट दाखवायला दारसुद्धा उरलं नव्हतं, फक्त हे होते. ह्यांनाही ते कळत होतं. फाटक्या खोक्यांची एक रद्दीची गाडी अधूनमधून बाहेर जायची. ती अडवायची नाही, असं तिथल्या कारकुनाने ह्यांना सुरुवातीलाच बजावलं होतं. या खेपेला ह्यांनी ती अडवली. कारकून अंगावर धावून आला, तरी हे गाडीवर चढलेच. वरच्या रद्दीखाली भरलेली, सीलबंद खोकी होती.

कारकून गेला, ह्यांची नोकरी राहिली. साहेब म्हणाला, आता कुणाचीही गय करायची नाही, माझीसुद्धा. ह्यांनी ते इतकं मनावर घेतलं की संध्याकाळी साहेबाचीच बॅग उघडायला लावली.

दार पुन्हा उघडून मागा, असं मी म्हणत होते. हे म्हणायचे, जरा दम धर. तेवढ्यात अमावास्या आली. आत्याबाई ताट घेऊन पुढच्या गेटकडे निघाल्या, मागे मी. आत व्हरांड्यात साहेब उभा होता. हे स्टुलावरून उठले. एकदा आईकडे बघितलं, एकदा साहेबाकडे, आणि काठी आडवी धरली.

"आये, आत जाता येनार न्हाई. भाईरच्या मानसाला बंदी हाय."

बाहेरचं माणूस! त्यांच्याच शेतात! माझं डोकं असं फिरलं की मी तोंड उघडलंच होतं, पण आत्याबाईंनी माझा हात दाबला. लेकाला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि साहेबाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बराबर हाय. कुनालाबी सोडू नगंस."

आम्ही गवतातून वळसा घालून मागे गेलो. बुजवलेल्या दाराचं सिमेंट अजून वेगळं दिसत होतं. त्यांनी त्यालाच शेंदूर लावला आणि तिथेच खाली पडलेल्या एका दगडावर नारळ फोडला. घरी आल्यावर पदरातून खोबऱ्याचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला.

"त्याच्या डब्यात घाल," म्हणाल्या. "आन त्याला सांग, सायबाला डबा उघडून दाव, मगच आत न्हे."