बारावी दाई

आधीच सांगून टाकते — भूतखेत, करणी, अंगात येणं, यातलं मी काही म्हणजे काही मानत नाही. सगळी नोकरी नर्सिंगमध्ये गेली, त्यातली बरीचशी शिकवण्यात. दाराला टांगलेलं लिंबू काढून सरबत करा म्हणणारी बाई आहे मी. या सदरातले अनुभव वाचते आणि खरं सांगायचं तर बरेचदा हसते. आता माझ्यावर कोणी हसलं तर तक्रार करायला जागा नाही. पण माझ्या कपाटात एक कागद आहे, आणि त्याचं काय करायचं हे मला अजून कळलेलं नाही.

गोष्ट अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या सुमाराची. श्यामजीपंताच्या तळेगावापासून चार-पाच मैलांवर आमचं आरोग्य केंद्र होतं. मी तिथे नर्स, आणि शिवाय गावोगावच्या दायांना शिकवायचं काम माझ्याकडे. त्या वेळी शिकवण्याची नवी पद्धत आली होती. वर्ध्याला आम्हा नर्सांना आठवडाभर बसवून सांगितलं होतं — भाषणं देऊ नका, त्या बायांना लिहिता-वाचता येत नाही. करून दाखवा, मग त्यांच्याकडून करवून घ्या. सोंगं घ्या, नाटक करा, दोन-दोन आवाज काढा, पण डोक्यात गेलं पाहिजे.

मला हे भलतंच आवडलं. मी मांजरपाटाचं एक मोठं पोट शिवलं, त्याला पायजम्यासारखी नाडी, आत चिंध्यांची एक बाहुली, बाहुलीला पांढऱ्या दोरीची नाळ. कधी मी बाळंतीण व्हायची, कधी खाष्ट सासू, कधी अडाणी दाई. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. शेवटच्या दिवशी परीक्षा. एकेकीने पुढे येऊन बाहुली 'बाळंत' करून दाखवायची. माझ्या हातात सायक्लोस्टाइल केलेला कागद, त्यावर दहा पायऱ्या — हात धुणं, ब्लेड उकळणं, असं सगळं. केलं की बरोबरची खूण, चुकलं की फुली. खाली तिचा अंगठा. पास झाली की तिला सामानाची पेटी. ते दहा मुद्दे म्हणजे माझे देव होते हो! इकडचं तिकडे केलेलं मला खपायचं नाही.

तर अशाच एका गावात तीन दिवसांचं शिबिर होतं. शाळेची खोली, खाली सतरंजी, अकरा दाया. त्यांच्यात सगळ्यात म्हातारी गिरजाबाई. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं, आणि जीभ अशी की माझ्याही वरताण. तिसऱ्या दिवशी दुपारी परीक्षा सुरू झाली. सगळ्यांचं झालं असं वाटलं तेव्हा दाराजवळ एक बाई बसलेली दिसली. हिरवं लुगडं, बारकीशी, हातात एकही बांगडी नाही. आधी पाहिल्याचं आठवेना. पण अशा अदलाबदली व्हायच्याच. सासूच्या नावावर सून येऊन बसायची. मी नवा कागद घेतला.

"नाव काय बाई?"

"येसा."

आली, बसली. हात धुतल्याची नक्कल केली, ब्लेड उकळलं, बाहुली अलगद बाहेर काढली. इतके सफाईदार हात मी अकरा जणींत पाहिले नव्हते. मी मनातल्या मनात दहापैकी दहा देऊन टाकले. मग मी नेहमीचं वाक्य म्हटलं, "आता नर्सबाई असली तर ती रक्त थांबायची सुई देते."

तिने बाहुली बाजूला ठेवली, मांजरपाटाच्या पोटावर पालथा हात ठेवला आणि म्हणाली, "सुई देऊ नोका बाई. आत आनखी एक हाय."

बाया फिसकन हसल्या. माझं डोकंच सरकलं. "काय एक आहे? मी स्वतः शिवलंय ते पोट! एकच बाहुली आहे त्यात."

"पाहा ना मंग."

वर्गात मला आव्हान! मी तणतणत नाडी सोडली, सगळ्यांना दिसावं म्हणून हात आत घातला… आणि हाताला चिंध्या लागल्या.

बाहुली होती. लहानशी, हिरव्या लुगड्याच्या तुकड्याची, नाक-डोळे काही नाही. मी ओढायला गेले तशी ती म्हणाली, "याचे पाय पुढं हायेत. ओढू नोका. हात मागं ठेवा. मानेवरी त्याचं ते येते."

बाया टाळ्या वाजवत होत्या. मला वाटलं, या सगळ्यांनी मिळून माझी फिरकी घेतली. कानशिलं तापली माझी. त्या कागदावर मी ठसठशीत लिहिलं — 'सांगितलं नव्हतं ते केलं. नापास.' अंगठा घेतला, कागद गठ्ठ्यात कोंबला. पेट्या मोजून अकराच आणल्या होत्या, त्या वाटल्या आणि जीपमध्ये जाऊन बसले. कुणाशी धड बोललेसुद्धा नाही.

आता शशीचं सांगते. शशी माझी धाकटी बहीण, हिंगणघाटला दिलेली. आई-वडील दोघंही गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, तर तिचं माहेर म्हणजे मी! सातव्या महिन्यात माझ्या क्वार्टरवर आली होती. दर आठवड्याला मीच तिला तपासायची. एकच ठोका ऐकू यायचा. पोट जरा मोठं होतं, तर मी म्हणायची, "हिंगणघाटचं दूध-तूप दिसतंय हे."

शिबिरानंतर तीन आठवड्यांनी, दिवस भरायच्या आधीच, भर दुपारी तिला कळा सुरू झाल्या. डॉक्टरांना घेऊन जीप आर्वीला गेलेली. केंद्रात मी आणि आमची आया, बस्स. आणि कळा अशा भराभर, की गाडी जुंपायलाही वेळ नाही. तासाभरात मुलगा झाला. छान रडला. शशी घामाघूम, हसली, म्हणाली, "ताई, झालं ना गं?"

"झालं, झालं," म्हणत मी सुई भरली. आमची रीतच ती — बाळ बाहेर आलं की लगेच सुई. त्या सुईने पिशवी घट्ट आवळते आणि रक्त थांबतं. आत दुसरं मूल असलं तर? तर ते तिथेच गुदमरतं, पिशवीही फाटू शकते, आणि आईसुद्धा हातची जाते. पण दुसरं आहे हे ठाऊक असतं तर ना!

शशीच्या मांडीला स्पिरिटचा बोळा लावला. सुई टेकवली. आणि माझा डावा हात उठला आणि तिच्या पोटावर पालथा पडला. मी उचलला नाही हो. शपथेवर सांगते, मी उचलला नाही! त्या हाताखाली कडक, गोल काहीतरी हललं.

सुई माझ्या हातून फरशीवर पडली.

थोड्या वेळाने पाय दिसले. दोन इवलेसे निळसर पाय. आया ओरडली, "बाई, ओढा ना, काऊन थांबल्या!" माझे हात शिवशिवत होते. आणि मी, दहा पायऱ्यांची भक्त, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहिले. शशी किंचाळत होती आणि मी रडत होते. मानेपर्यंत आलं तेव्हा कुठे हात लावला. मुलगी. पहिल्यांदा रडलीच नाही… मग रडली.

शशी वाचली. माझी एकुलती एक बहीण माझ्याच सुईने गेली असती, हे मला त्या रात्री नीट उमगलं.

दोन दिवसांनी एक पेटी मागून घेतली आणि तडक त्या गावाला गेले. येसाबाईचे पाय धरायचे होते, तो 'नापास' खोडायचा होता. गिरजाबाई अंगणात वांगी निवडत होती.

"येसा? कोन येसा?"

"अहो, दाराजवळ बसलेली. हिरवं लुगडं. जिने जुळ्यांचं करून दाखवलं."

म्हातारीने वांगं खाली ठेवलं. "आमी अकराच होतो जी बाई. जुळ्याचं तं तुमीच करून दाखवलं."

"मी?"

"मंग! तुमी तुमच्याशीच बोलून राह्यल्या होत्या. एकडाव बारीक आवाजात, एकडाव तुमच्या. सोताच भांडल्या, सोताच पोटातून दुसरी बाहुली काढली. आमाले वाटलं, रोजच्यासारखं सोंग हाय. लय हासलो. टाळ्या नाई का वाजवल्या आमी?"

मी तिथेच ओट्यावर बसले. गिरजाबाईने पाण्याचा गडवा पुढे केला आणि म्हणाली, "पन चांगलं शिकवलं बाई. आता पयलं पोट पाह्यतो, मंग बाकीचं."

त्या पंचक्रोशीत येसा नावाची दाई कुणाला ठाऊक नव्हती. हयात नाही की मेलेली नाही. मी खूप विचारलं. उन्हाने, थकव्याने भ्रम झाला असेल, असं आमचे डॉक्टर म्हणाले. मानते. पण ती दुसरी बाहुली भ्रमाची नव्हती, आणि मी ती शिवलेली नव्हती. शशीने मुलीचं नाव येसू ठेवलं, माझं न ऐकता. त्या बाहुलीशी खेळून खेळून येसूने ती फाडली. आतून निघाला साधा सरकीचा कापूस, आपल्याकडचाच.

राहिला तो कागद. पुढच्या प्रत्येक वर्गात मी अकरावी पायरी शिकवली — सुईच्या आधी पोटावर हात. ती त्या कागदावर छापलेली नव्हती. कागदावर माझ्या अक्षरात 'येसा', माझ्याच अक्षरात 'नापास', आणि खाली निळ्या शाईचा अंगठा आहे, अगदी स्पष्ट, रेघन् रेघ दिसते.

त्या खोलीत अकराच बाया होत्या, आणि अकराही अंगठे त्यांच्या त्यांच्या कागदांवर आहेत. मग हा कुणाचा? माझा अंगठा शाईत बुडवावा, शेजारी उमटवावा आणि भिंग लावून बघावं… दोन मिनिटांचं काम. येसू आता स्वतः आजी झाली, शाईचं पॅडही घरात आहे. मला अजून ते जमलेलं नाही.