दुसऱ्याच्या वाट्याची तारीख

माझ्या श्रद्धेविषयी मी कधी फारसं बोलत नाही. केडगावच्या जुन्या मिशनच्या आवारात मी लहानाची मोठी झाले, तिथल्याच वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आज कामाला आहे. प्रार्थना ही आमच्याकडे हात धुण्याइतकी रोजची गोष्ट. पण दोन वर्षांपूर्वी एका खिडकीसमोर उभी असताना माझ्या मनात आलं, की देवसुद्धा आधी गाव विचारत असेल, आणि मग दार उघडायचं की नाही ते ठरवत असेल. हा विचार मनात आला याची मला भीती वाटली, आणि तो खरा वाटला याची जास्त.

माझे वडील नेपाळहून इकडे राखणदारीला आले. मी तेव्हा आईच्या कडेवर होते. आई लवकर गेली, वडिलांनी मला मिशनमधल्या बायांच्या हवाली केलं. मराठीत मी शिकले, मराठीत भांडले, बाप्तिस्माही मराठीत घेतला. नेपाळी मला पाहुण्यासारखी येते, चार शब्द बोलते आणि उठून जाते. लग्न मात्र वडिलांनी त्यांच्याच गावाकडच्या मुलाशी लावून दिलं. हे भांडगावला एका कारखान्याच्या गेटवर कंत्राटदाराकडून वॉचमन होते. सगळे त्यांना बहादूर म्हणायचे. त्यांचं खरं नाव कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनीही कधी सांगितलं नव्हतं. ते ख्रिस्ती झाले नाहीत, मी आग्रह केला नाही. नाताळला चर्चच्या शेवटच्या बाकावर टोपी मांडीवर घेऊन बसायचे, तेवढं मला पुरायचं.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यानंतर यांना जिना चढताना धाप लागू लागली. मग सपाटीवर चालतानाही लागू लागली. झोपताना उशीवर उशी रचून बसल्यासारखे झोपायचे. दौंडच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि पुण्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयाची चिठ्ठी दिली. तिथे कळलं, हृदयाची एक झडप खराब झाली आहे, लहानपणी कधीतरी आलेल्या तापाने ती हळूहळू कुरतडली गेली. ती बदलायला हवी. डॉक्टर तरुण होते, सहज म्हणाले, "काळजी करू नका, सरकारी योजनेत बसतं हे ऑपरेशन. खाली खिडकीवर जाऊन या."

खिडकीवरचा, योजनेचे कागद बघणारा आरोग्यमित्र खरोखर चांगला माणूस होता, त्याच्यावर माझा काही राग नाही. त्याने राज्याचं रेशनकार्ड मागितलं. आमच्याकडे नव्हतं. रहिवासाचा दाखला मागितला. तोही नव्हता. यांचा जन्म कुठला, असं त्याने विचारलं, मी सांगितलं, आणि त्याने पेन खाली ठेवलं. "ताई, तुम्ही तर आमच्यासारखंच बोलता," तो म्हणाला, "पण सिस्टीम घेणार नाही." माझ्यामागे रांग होती. मी बाजूला झाले. बाजूला होणं एवढंच मला तेव्हा सुचलं. आयुष्यभर ज्या भाषेत देवाला हाक मारली, त्या भाषेत मला त्या दिवशी सांगितलं गेलं, की तू इथली नाहीस.

केडगावला परतलो. आम्ही ज्यांच्या खोलीत भाड्याने राहायचो ते आबा मोठे बागायतदार, ऊस, गाई, ग्रामपंचायतीत वजन. संध्याकाळी यांना बघायला आले आणि बाजेवर बसून खालच्या आवाजात म्हणाले, "माझ्या धाकट्या भावाच्या कार्डावर घाला याला. तो सुरतंला गेलाय, कवा येतोय कुनाला ठाव. वय बी तेवढंच हाय. कोन बघतंय?" त्यांच्या मनात पाप नव्हतं, त्यांना माणूस वाचवायचा होता. मी लगेच हो म्हणाले. मला काही अवघड वाटलं नाही, तेव्हा मला कुठलाही देव, कुठलंही सत्य नको होतं.

हे भिंतीला टेकून बसले होते. बोलायला दम पुरत नव्हता, तरी त्यांच्या त्या मोडक्या मराठीत म्हणाले, "मी मेला तर कागदावर कोण मरल? आबाचा भाऊ? मग माझी आई कोणाला रडल?"

आबा उठून गेले आणि सकाळी आमच्यासाठी दुधाची बरणी पाठवली. मी मात्र यांच्यावर चिडले. नावाचं एवढं काय घेऊन बसलात, असं ओरडलेसुद्धा. मग स्वयंपाकघरात जाऊन प्रार्थनेला बसले, पण शब्द येईनात. आले ते सगळे भांडणाचे होते.

त्यानंतरच्या आठवड्यात यांच्या पायांवर सूज चढली आणि पुण्यालाच भरती करावं लागलं. खाट मिळाली, ऑक्सिजन मिळाला, त्यासाठी कुणी कार्ड विचारलं नाही. पण ऑपरेशनचं कुणी बोलेना. वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात नातेवाइकांची बसायची जागा होती, तिथे चटई टाकून मी राहिले. तिथेच मला आप्पा भेटले.

आप्पा शिरूरकडचे. गावात पिठाची गिरणी. त्यांच्या बायकोलाही झडपेचाच आजार होता आणि बरीच वाट पाहून तिच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती, येत्या सोमवारची. माणूस अतिशय तिरसट. पंख्यावरून भांडायचे, झाडूवालीवर खेकसायचे, शेजारी कुणी मोबाइल मोठ्याने लावला की अंगावर जायचे. बायकोजवळ गेले मात्र की आवाज उतरायचा. तिच्या वेणीचा गुंता ते स्वतः सोडवत बसायचे. मी एकदा दाराच्या फटीतून पाहिलं आणि पटकन मान फिरवली, जणू काही खाजगी पत्र वाचलं.

एका दुपारी मी तोंडाला पदर लावून रडत होते. आप्पा वैतागून म्हणाले, "अहो बाई, हितं रडत बसून काय व्हनार? खाली जा की त्या समाजसेवेच्या खोलीत. ह्या शेजारच्या खाटंवरचा बिहारी तिथंच गेल्ता. त्याच्याकडं तरी कुठं कार्ड हुतं?"

मी गेले. खोलीत एक मॅडम होत्या, डब्यातली पोळी खात खात फायली बघत होत्या. मी आज खरंच सांगायचं ठरवलं होतं, सगळं सांगितलं, नेपाळपासून. त्यांनी मान वर न करता ऐकलं आणि म्हणाल्या, "जे कुठल्याच योजनेत बसत नाहीत, ते शेवटी माझ्याच टेबलावर येतात. गरीब रुग्णांसाठी सरकारचा थोडा निधी असतो इथे. ऑपरेशनचा खर्च माफ करून घेते, झडपेचंही बघते. पण तारीख माझ्या हातात नाही, ती डॉक्टरांकडे. आणि रांग मोठी आहे." मग पेन उघडून विचारलं, "पेशंटचं पूर्ण नाव?"

मी ते नाव उच्चारलं. लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच, मोठ्याने, पूर्ण. बाहेर येऊन जिन्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. देवाला काही म्हणावं असं तेव्हा सुचलं नाही.

पण डॉक्टरांनी रांगेचं सांगितलं तेव्हा आलेला धीर पुन्हा सुटला. काही महिने लागतील, म्हणाले. हे तेवढे दिवस काढतील का, असं मी विचारलं. त्यांनी सलाइनचा वेग बदलला आणि पुढच्या खाटेकडे गेले. माझ्यासारखेच आणखी कितीजण त्या व्हरांड्यात थांबले होते. करमाळ्याकडचा एक बाप होता, त्याची लेक कॉलेजात जाणारी. तोही तारखेसाठीच थांबलेला. आम्ही एकमेकांशी बोलायचो, पण डॉक्टर यायला लागले की बोलणं थांबायचं आणि दोघंही आपापल्या जागी उभे राहायचो. कुणाचं नाव आधी येतंय, याकडे कान.

शनिवारी सकाळी आप्पांची बायको गेली. चहा घेतला होता, त्यांच्याशी बोलली होती. मग धावपळ झाली, पडदे ओढले गेले, आणि पडदे उघडले तेव्हा सगळं संपलं होतं. आप्पा रडले नाहीत. त्यांनी तिच्या पिशवीतल्या साड्या बाहेर काढून पुन्हा घडी घातल्या, एकेक, काठाला काठ जुळवून. मग डॉक्टरांच्या खोलीत गेले, थोड्या वेळाने बाहेर आले, माझ्यासमोरून गेले. मी उठून उभी राहिले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

दुपारी मला बोलावणं आलं. डॉक्टर म्हणाले, "सोमवारी यांना घेतोय. एक जागा झाली आहे."

जागा कशी झाली, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी बाहेर आले. करमाळ्याचा तो बाप माझ्या तोंडाकडे बघत होता, मी काही न बोलताच त्याला कळलं. त्याने मान हलवली आणि पाण्याची बाटली भरायला निघून गेला. मी लहानपणापासून ऐकत आले, की प्रार्थनेचं उत्तर मिळालं की गुडघे टेकावेत. माझे गुडघे टेकले, पण स्तुती निघाली नाही. मला नुसत्या त्या साड्या दिसत होत्या.

ऑपरेशन झालं. झडप बसली, हृदय नीट चालू लागलं. पण शुद्धीवर आल्यावर यांचा उजवा हात उचलेना आणि तोंडातून शब्द फुटेना. एक गुठळी मेंदूकडे गेली होती. असं कधीकधी होतं, डॉक्टर म्हणाले, कुणाची चूक नसते. बऱ्याच दिवसांनी शब्द आले ते सगळे नेपाळी. मराठी गेली, हिंदी गेली, गेटवर साहेबांना सलाम ठोकताना बोलायचे ती इंग्रजीही गेली. डोंगरातल्या त्यांच्या गावची, लहानपणची भाषा तेवढी उरली. आईशी फोनवर बोलतात, ती तिकडे हसते आणि रडते, आणि मी शेजारी बसून एखादा ओळखीचा शब्द येतो का बघते. नोकरी गेलीच. आता ते काठी घेऊन अंगणापर्यंत चालतात. रक्त पातळ ठेवायची गोळी एक दिवसही चुकवून चालत नाही, रक्त तपासायला जावं लागतं. तेही त्या मॅडमनीच लावून दिलं आहे.

पुढच्या उन्हाळ्यात मी शिरूरला गेले. चौफुल्याहून न्हावऱ्यामार्गे बस धरली, आप्पांच्या गावाच्या फाट्यावर उतरले आणि गिरणी विचारत विचारत पोचले. आप्पा चाळणी झाडत होते. त्यांनी मला ओळखलं, पण तसं दाखवलं नाही. मी पोत्यावर बसले आणि जे सांगायला आले होते ते सांगितलं, की तुमच्यामुळे माझा माणूस जगला.

"माझ्यामुळं न्हाई," ते म्हणाले. "म्या तुमचं नाव घेतलं आसं समजू नका. तुमी तिथं हाय, हे बी ध्यानात नव्हतं. डॉक्टर सही मागत हुते. म्या म्हनलं, तिची सोमवारची जागा रिकामी ठिवू नका, कुनाला बी द्या. एवढंच बोललो."

चाळणी खाली ठेवून ते पुन्हा म्हणाले, "तुमचा मानूस जगला, बरं झालं. पन मला त्याचा आनंद न्हाई होत. खोटं कशाला बोलू?"

"नका बोलू, आप्पा," मी म्हणाले.

"बोलतो का आता त्यो?"

"बोलतात. पण नेपाळीच. मला थोडं थोडं कळतं."

ते माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघत म्हणाले, "बोलतो न्हवं पर." तेवढ्यात एक बाई ज्वारीचा डबा घेऊन आली. आप्पांनी पट्टा चढवला, गिरणी सुरू झाली, मग बोलणं शक्यच नव्हतं. मी निघताना त्यांनी हात वर केला, ये म्हणून की जा म्हणून, कळलं नाही.

परत येताना बसमध्ये मी खूप विचार केला. मला वाटत आलं होतं, की देवाने माझं नाव ऐकून ती तारीख माझ्याकडे वळवली. तसं नव्हतं. एका माणसाने, त्याचं सगळं संपलेलं असताना, कुणाचंही नाव न घेता, गाव न विचारता, हातातली जागा सोडून दिली, आणि ती आम्हाला मिळाली. करमाळ्याच्या त्या मुलीला मिळाली असती तरी ती तितकीच देवाची असती. त्या मुलीचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. विचारायचं धाडस झालं नाही. कृपा कशी असते, हे मला चर्चमध्ये इतकी वर्षं कळलं नव्हतं. ती आपल्या नावाने येत नाही. म्हणून तिच्याबद्दल फुशारकीही मारता येत नाही, नुसते हात जोडता येतात.

आता प्रार्थनेला बसले की मी यांचं नाव आधी घेत नाही. प्रभू, कुणालाही दे, असं म्हणते. आतून मन लगेच ओढ घेतं, आमच्याकडेच वळव म्हणतं. मनातलं ते वाक्य तसंच अर्धवट सोडून देणं मला अजून नीट जमत नाही. पण रोज सोडते.