शालनकाकीचे तीन दिवस

पहाटे चुलीपुढे बसण्याआधी शालनकाकी हातातल्या बांगड्या कोपराकडे वर सारायची. आधी डावा हात, मग उजवा, कातडीवर वळ उठेल इतक्या घट्ट. मग दिवसभर त्या वाजत नसत. पीठ मळताना नाही, धुणं आपटताना नाही, म्हशीला पाणी दाखवताना नाही. सगळ्यांची जेवणं उरकून भांडी पालथी घातली की ती त्या खाली आणायची आणि हातांवरचे वळ पदराने चोळायची. एकदा मी कारण विचारलं, तेव्हा म्हणाली की कामात वाजल्या की आत्याला कळतं, हात कवा थांबला ते.

एम.ए.च्या दोन वर्षांसाठी मी काळेवाडीला दौलतकाकांकडे राहिले. पुण्यात वसतिगृहात जागा मिळाली नव्हती आणि वडिलांना थोरल्या भावाच्या घरापलीकडे दुसरं काही सुचलं नाही. ही सन छप्पन्न-सत्तावन्नची गोष्ट. नदीपलीकडे पिंपरीला औषधांचा कारखाना नुकता उभा राहिला होता. काका तिथे बॉयलरवर लागले होते आणि घरापुढच्या दोन खोल्या कारखान्यातल्याच चार माणसांना दिल्या होत्या. चौघांच्या शिफ्ट वेगवेगळ्या. त्यांचे डबे काकी करायची. त्यामुळे चूल कधी पुरती विझत नसे, आणि काकी चुलीपासून कधी फार लांब नसे. तिच्या दोन्ही मुली नांदायला गेलेल्या. घरात तिसरी बाई म्हणजे काकांची विधवा बहीण, मंजुळाआत्या. आत्याचे गुडघे दुखायचे, पण जीभ कधी दुखली नाही.

महिन्यातून तीन दिवस मात्र काकी बाहेर बसायची.

गोठ्याला लागून एक लहान खोली होती, तिला दुसरा उपयोग नव्हता. घरात भैरवनाथाचे टाक होते आणि काका त्यांची पूजा केल्याशिवाय पाणीही पीत नसत, म्हणून हे पाळणं कडक होतं. तीन दिवस काकीने चुलीला, पाण्याला, कुणालाही शिवायचं नाही. त्या दिवसांत आत्या कुरकुरत स्वयंपाक करायची आणि खोलीच्या उंबऱ्याशी येऊन काकीच्या ताटात वरून भाकरी टाकायची.

आमच्या साताऱ्याच्या घरी हे कुणी पाळत नसे. इथे पहिल्यांदा माझ्यावर तशी वेळ आली तेव्हा ती वरून पडलेली भाकरी बघून रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पुस्तकं घेऊन मी त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसले. दोन-तीन महिन्यांनी काकीचे आणि माझे दिवस एकत्र आले आणि मी पहिल्यांदा तिच्या बांगड्या भरदिवसा वाजलेल्या ऐकल्या.

पहिला दिवस ती झोपायची. जेवायला उठायची आणि पुन्हा झोपायची. दुसऱ्या दिवशी केस सोडून बसायची, पायांच्या भेगांत आमसुलाचं तेल भरायची. ते तेल एका कोकणातल्या भाडेकरूने आणून दिलेलं. तिसऱ्या दिवशी जुन्या लुगड्यांची वाकळ पुढ्यात घ्यायची, एकेक टाका घालत राहायची, आणि तिच्या तोंडून शब्द निघत नसे. मला वाटायचं, कंटाळली असेल. तसं मी म्हटलं, तर ती हसली.

"महिनाभर तोंडातनं काय काय गेलं त्ये बघती," ती म्हणाली. "कामात असलं की दिसत न्हाई. हितं बसलं की एकेक वर येतं."

आणि ते नुसतं बघणं नव्हतं. चौथ्या दिवशी न्हाऊन झालं की ती कुणाच्या तरी दारात जायची. सोपानराव म्हणून बीडकडचा एक भाडेकरू होता. तो जादा आमटी मागायला आला म्हणून काकी त्याला टाकून बोलली होती. चौथ्या दिवशी त्याच्या डब्यात एक भाकरी जास्त आणि कांद्याच्या पातीची भाजी निघाली. शेजारच्या इंदुताईकडे ती असाच एकदा ताकाचा तांब्या घेऊन गेली. क्षमा वगैरे शब्द तिच्याकडे नव्हते. तांब्या ठेवायची, म्हशीच्या दुधाबद्दल दोन वाक्यं बोलायची आणि परत यायची. एकदा तर म्हशीला विनाकारण काठी मारली म्हणून तिला पेंड चारून आली.

एकत्र बसताना तिसऱ्या की चौथ्या खेपेला माझ्या लक्षात आलं की ओढ्यावर धुवायला मी माझी त्या दिवसांची फडकी नेते, काकीजवळ न्यायला काही नसतं. मी विचारलं नाही, नुसतं बघितलं. तीच म्हणाली की बंद होऊन दोन वर्षं झाली. दर महिन्याला चंद्र बघून ती दिवस धरते, आणि बाहेर येण्याआधी लांबूनच भैरोबाला सांगून येते.

"त्याला सांगितलंय म्या समदं. त्यो काय बोलला न्हाई." मग तिने सुईत दोरा ओवला. "कुनाला बोलू नगंस. ह्ये तीन दिस माजं हाईत. बाकीचं समदं त्यांनी घ्यावं."

मी शब्द दिला. आणि आठ-नऊ महिने पाळला.

सत्तावन्नच्या श्रावणातली दुपार होती. काका पहिली शिफ्ट करून घरी आले होते आणि सोपानराव डब्यासाठी ओट्यापाशी उभा होता. काकीचा बाहेरचा दुसरा दिवस. आत्याने लोणच्याची बरणी खाली काढली, तोंडावरचा दादरा सोडला, आणि तिचा आवाज चढला. लोणच्यावर पांढरी बुरशी धरली होती. आंबे काकांनी चाकणच्या बाजारातून निवडून आणले होते, वर्षाचं लोणचं होतं ते.

आत्याला कारण शोधावं लागलं नाही. शालनची सावली पडली, ती म्हणाली. बाहेर बसायच्या आदल्या दिवशी ही बरणीपाशी घुटमळत होती, अंगावर आलेलं कळत नाही का बाईला एवढं, एवढी वर्षं संसार करून. ती काकांना सांगत होती, सोपानरावाला सांगत होती, आणि बोट गोठ्याकडे होतं. काकी खोलीच्या उंबऱ्यात बसलेली मला दिसत होती. तिने तेलाची वाटी बाजूला सारली.

लोणचं कशाने बिघडलं ते मला माहीत होतं. आठ-दहा दिवसांपूर्वी मला गाडीला उशीर झाला होता. हात धुतले, पुसले नाहीत, तसाच ओला हात बरणीत घातला आणि दोन फोडी डब्यात टाकल्या. तेलावर पाण्याचे थेंब तरंगताना मी पाहिले होते. पाहून दादरा बांधला होता. "आत्या, माझा ओला हात लागला," एवढं एक वाक्य पुरेसं होतं. आत्या माझ्यावर दिवसभर ओरडली असती आणि विषय मिटला असता.

ते वाक्य मला सुचलं नाही असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. ते सुचलं होतं. पण त्यात मी चुकलेली दिसत होते, आणि दुसऱ्या वाक्यात मी शहाणी दिसत होते. म्हणून मी दुसरं बोलले.

"काकीची सावली कशी लागेल, आत्या? तिचं तर बंद झालंय. तीन वर्षं होतील आता."

कॉलेजात मुद्दा खोडून काढताना जो आवाज निघायचा, त्याच आवाजात मी हे बोलले. क्षणभर मला वाटलंही की मी काकीची बाजू घेतली.

सोपानरावाने मान खाली घातली, डबा उचलला आणि झाकणाची कडी न लावताच निघून गेला. काका टाकांच्या देव्हाऱ्याकडे बघत राहिले. अशी गोष्ट पुरुषांच्या देखत त्या घरात कधी उच्चारली गेली नव्हती. आत्या हसत सुटली.

"म्हंजी म्या गुडघं धरून हिला भाकऱ्या वाढतीया तीन वर्सं, अन् ह्या राणीसायेब इश्रांती घेत्यात व्हय."

काका एवढंच म्हणाले, "देवाच्या घरात खोटं." ते कुणाकडे बघून म्हणाले नाहीत.

काकी उठली. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला, इतका की तोंड दिसेना. विहिरीवर गेली, चौथ्या दिवसाची वाट न बघता डोक्यावरून पाणी घेतलं, आणि ओल्या केसांनी चुलीपुढे येऊन बसली. आत्या सरकली. त्या संध्याकाळच्या भाकऱ्या काकीने केल्या. वाढताना तिने मलाही नेहमीसारखं वाढलं, फक्त वर बघितलं नाही. मी खाली मान घालून जेवले. जेवले, हेच मला अजून लागतं.

त्यानंतर ती बाहेर बसली नाही. त्या खोलीत आधी कडबा भरला आणि दिवाळीनंतर ती पाचव्या भाडेकरूला दिली. काकी तांदूळ निवडायला जरी भिंतीला टेकली तरी आत्या विचारायची, काय शालन, लागलं का बाहेर बसायला? सुरुवातीला भाडेकरूही हसत. काकी टेकायची बंद झाली. वाकळ घडी घालून फडताळावर गेली.

महिन्याभराने मी तिला एकटी गाठून ओल्या हाताचं सांगितलं. ती मिरच्यांचे देठ खुडत होती.

"ठावं हाय," ती म्हणाली. "बरनीच्या कडंला पानी हुतं. तू घाईत हुतीस."

म्हणजे त्या दुपारी उंबऱ्यात बसून ती मला वाचवत होती. तिच्याजवळही एक वाक्य होतं, आणि ते तिने वापरलं नव्हतं. तरी मी उठून काकांना खरं सांगितलं नाही. ते गेले तोवर नाही.

त्या वर्षात काकी बदलली. फटकन बोलायची, आणि बोललेलं तसंच पडून राहायचं. इंदुताईशी बांधावरच्या गोवऱ्यांवरून भांडण झालं आणि सहा महिने दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. पूर्वी ते तिसऱ्या दिवसापलीकडे टिकलं नसतं. मी धीर करून काकांना म्हटलं की काकीला महिन्यातून दोन दिवस बसू द्या, डब्यांचं मी बघते. काका वाईट माणूस नव्हते. त्यांनी लगेच होकार दिला. बसावं की, ते म्हणाले, म्या कवा न्हाई म्हनलं. पण ती बसली की काकाच हाक मारून पंचा कुठे आहे ते विचारायचे. भाडेकरू पाणी मागायचे. आत्याला तिच्या हातचा चहा लागायचा. आधी तिला कुणी शिवायचं नव्हतं, म्हणून कुणी हाकही मारत नव्हतं. ज्या नियमाने मला माझं अंग ओवाळून टाकल्यासारखं वाटायचं, त्यातच तिने आपल्यापुरती जागा केली होती. मी एम.ए. होत होते, आणि हे मला खोली गेल्यावर समजलं.

परीक्षा झाली, बारामतीला मुलींच्या शाळेत नोकरी लागली. अठ्ठावन्नच्या मे महिन्यात मी चार दिवस काळेवाडीला गेले, मनात ठरवूनच. फडताळावरची वाकळ काढली, पडवीत घोंगडी अंथरली आणि काकीला हाताला धरून बसवलं. चार दिवस चूल माझी, असं सांगितलं. आत्याने एक टोमणा मारला, तो मी झेलला. काकी बसली. सुईत दोरा ओवून घेतला. आतून मला ती दिसत होती. सुई एका जागी टोचलेली, हात तिथेच, आणि डोळे माझ्याकडे, परातीकडे, चुलीकडे. मीठ कुठे आहे ते तिने तिथूनच सांगितलं. मग पीठ. मी तीनदा म्हटलं, काकी, तू बस.

त्या पावसाळ्यात तिला ताप आला आणि सात दिवसांत ती गेली. पत्र मला उशिरा मिळालं. तापात ती काय बोलली, बोलली की नाही, ते कुणी लिहिलं नव्हतं. मी ऐकलेलं तिचं शेवटचं बोलणं त्या मेमधल्या सकाळचं. मी दुसरी भाकरी थापत होते. मागून ती आली, माझ्या खांद्याला हात लावून मला बाजूला केलं आणि चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"सरक जरा," ती म्हणाली. "तवा लई तापलाय, करपंल."