काकांचे खिळे आणि मावशीची बंगई

काशीला लोक पाप धुवायला जातात, अस्थी घेऊन जातात, हल्ली रील करायला जातात. आम्ही चेनसॉ घेऊन गेलो. "काशीत जाऊन करवत घेणार की काय?" हा, मोक्षासाठी काशीत अंगावर करवत घ्यायच्या जुन्या प्रथेवरचा, विनोद निघायच्या आधी ओळखीतल्या प्रत्येकाने केला, आणि प्रत्येकाला वाटलं की तो आपल्यालाच पहिल्यांदा सुचला. हसून घेतलं. नातेवाईक आहेत, काय करता!

आमचं नागपूरला फर्निचरचं वर्कशॉप आहे. माझं आणि माझ्या नवऱ्याचं, सुधाकरचं. जे ओंडके सॉ मिलच्या आरामशीनवर चढत नाहीत, ट्रॉलीत मावत नाहीत, त्यांच्याकडे आम्हीच जातो आणि पडल्या जागी त्यांच्या फळ्या पाडतो. तर डिसेंबरात माझ्या मावसभावाचा, माधवचा, बनारसहून फोन आला. "ताई, रामनगरच्या बागेतलं शिसवाचं झाड पिछले साल आंधीत पडलं ना, तसंच पडून आहे. इतका मोटा बुंधा आहे की दोघं मिळून मिठी नाही मारू शकत. परमिशनचा कागद करून घेतला. तू ये आणि चिरून दे."

माधवचं घर दुर्गाघाटला. भिक्षुकीचं घराणं, पण माधवने भिक्षुकी अर्धी सोडून गच्चीवर कॅफे काढलाय. त्या कॅफेत त्याला अख्ख्या ओंडक्याच्या लांबीचं, कडेची साल तशीच ठेवलेलं एकच एक टेबल हवं होतं. मोबाइलवर कुठल्या तरी परदेशी हॉटेलचा फोटो पाहिला असणार. हे सगळं तो सांगत असतानाच मावशीने फोन ओढून घेतला.

"हे बघ, त्यातली एक फळी मला पाहिजे. बंगईला. जोड नको. मांडी घालून बसता आलं पाहिजे एवढी रुंद."

बंगई म्हणजे झोपाळा. पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगितलं, नाहीतर कमेंटमध्ये विचारत बसाल. मागून माधवचा आवाज आला, "हां हां, उरलं तर देऊ ना आईला."

उरलं तर! मावशी नागपूरची, लग्न होऊन दुर्गाघाटला गेली. त्या घरात बाहेरच्या खोलीत दिवाणासारखा एक मोठा लाकडी तख्त होता, त्यावर काका, म्हणजे माधवचे वडील, बसायचे, काकांचे यजमान बसायचे, पोरंसुद्धा बसायची. मावशी उंबऱ्यावर. बाई सगळ्यांना चहा देऊन उंबऱ्यावर टेकायची आणि कोणी आलं की तिथूनही उठायची. काका जाऊन दोन वर्षं होत आली, तर तख्त आता गच्चीवर कॅफेत गेलाय, त्यावर गाद्या टाकून परदेशी पोरं लोळतात. मी सुधाकरला म्हटलं, चल, गाडी काढ.

फोन ठेवण्याआधी मी माधवला एकच प्रश्न विचारला होता. "झाडात लोखंड आहे का? खिळे, तार, पाटी, काही?"

"बिल्कुल नाही, ताई. आपल्या घरची बाग. तिथे कोण ठोकणार?"

संक्रांत झाल्यावर निघालो. रस्त्याचं सांगते, म्हणजे तुमचे प्रश्न वाचतील. नागपूर ते सिवनी रस्ता लोण्यासारखा आहे, पेंचच्या जंगलात वर गाड्या आणि खालून जनावरं जातात. सुधाकरला तिथे दर वेळी वाघ दिसेल असं वाटतं आणि दर वेळी माकडं दिसतात. जबलपूरला मुक्काम केला. तिथली खव्याची जिलेबी खा, पण एकच खा. आम्ही जास्त खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी मैहरपर्यंत कोणी कोणाशी बोललं नाही. रीवा सोडलं की हनुमनाच्या पुढे घाट उतरतो, तिथे जानेवारीत धुकं असं की समोरच्या ट्रकच्या पाठीवरची शायरी वाचत वाचत जावं लागतं. टोल भरपूर आहेत. आणि मशीनची टाकी रिकामी करून न्या. पेट्रोल आणि तेल तिथेच मिसळायचं.

बनारसला गाडी मैदागिनला लावायची आणि पुढे पायी. गल्लीत गाडी जात नाही. गल्लीत खरं तर माणूसही जात नाही, कारण समोरून स्कूटर येते, स्कूटरमागून सांड येतो, आणि सांडाचा फोटो काढायला एक पाहुणा मध्येच उभा असतो. त्या पाहुण्याला म्हणे इथे फार शांत वाटतं. दोन्ही बाजूंनी हॉर्न वाजतायत आणि हा डोळे मिटून शांत. धन्य आहे बाप्पा!

कॅफेचं दर्शन झालं. कुल्हडमध्ये कॉफी, फळ्यावर खडूने 'मोक्ष ब्रेकफास्ट', आणि त्यात दोन टोस्ट. खाली गल्लीत गरम कचौडी आणि भाजी मिळते, ती सोडून लोक वर येऊन टोस्ट खातात. सकाळी मलइयो मात्र चाखा. दुधाचा नुसता फेस आहे, पोटात काहीच जात नाही, तरी मी दोनदा घेतला. हे माझ्याबद्दल काय सांगतं ते सांगो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामनेघाटच्या पुलावरून रामनगरला, बागेत. मावशीपण आली, स्वेटर, वर शाल, वर कानटोपी. "माझी फळी माझ्यासमोर निघेल," म्हणाली आणि प्लास्टिकची खुर्ची टाकून ओंडक्यासमोर बसली. ओंडका पाहून सुधाकरने शीळ घातली. आडवा पडलेला असूनही माझ्या छातीपर्यंत येत होता. असं शिसव आता दिसत नाही.

पण हात लावायचा नव्हता. माधवने मुहूर्त काढला होता. मुहूर्त आला तेव्हा नारळ नव्हता, नारळ आला तेव्हा मुहूर्त गेला होता, मग माधवने पंचांगात पाहून दुसरा काढला. घरचंच खातं, कितीही काढा. नारळ ओंडक्यावरच फोडला आणि पाणी नेमकं माझ्या फाइलींवर, साखळीला धार लावायच्या कानशींवर.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ओंडका गोल, त्याला सरळ पाठ नसते, म्हणून आधी वरती अॅल्युमिनियमची शिडी स्क्रूने पक्की बसवायची. करवतीच्या लांब पात्याला एक चौकट लावलेली असते, ती शिडीवरून सरकत जाते आणि पातं खाली आडवं कापत येतं. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला सुधाकर. मागे मागे लाकडी पाचरी ठोकत जायच्या, नाहीतर वरची फळी बसते आणि पातं अडकतं. शिसव कठीण, त्यामुळे एक काप झाला की साखळीच्या एकेका दाताला फाइल मारायची. कंबर जाते. व्हिडिओत हे लोण्यातून सुरी गेल्यासारखं दिसतं, कारण व्हिडिओवाला फाइल मारतानाचं दाखवत नाही.

वरची पाठ निघाली. आतलं लाकूड काय सांगू! गडद, तांबूस, काळ्या रेघा, आणि तो वास. मावशी खुर्चीतून उठून हात फिरवून गेली. माधव फोटो काढून लगेच कॅफेच्या पेजवर टाकून मोकळा झाला, 'कमिंग सून'.

दुसरा काप अर्ध्यावर आला आणि ठिणग्या उडाल्या. मशीन किंचाळली, सुधाकरने बंद केली. साखळीचे दात एका बाजूने साफ गेले होते. मी कापात पाचर घालून टॉर्च मारला. लाकूड निळं-काळं पडलेलं, आणि मध्ये चमकणारा खिळ्याचा छेद. त्याच्या बाजूला अजून एक. त्याच्या खाली अजून एक.

"माधव, तू म्हणाला होतास लोखंड नाही!"

"नाहीच आहे, ताई." तो वाकून पाहायला लागला. "अच्छा, हे? हे खिळे थोडीच आहेत. हे तर बाबांचे आकाशदिवे."

मला आधी वाटलं पोरगं थट्टा करतंय. नाही. कार्तिकात काशीत पितरांसाठी उंचावर दिवा लावतात, त्यांना वाट दिसावी म्हणून. काका घाटावर लावायचे तो वेगळा, आणि बागेतल्या या झाडाला टांगायचे तो वेगळा. दर कार्तिकात नवा खिळा. कारण जुना खिळा त्या सालच्या दिव्याला वाहिलेला, तो परत वापरायचा नाही, आणि उपटायचा तर नाहीच, पितरांच्या हातातली खुंटी काढल्यासारखं होतं म्हणे. झाड आपलं वाढत गेलं आणि एकेक गिळत गेलं. आणि फोनवर माझा प्रश्न ऐकून माधवला त्यातला एकही, अगदी एकही, आठवला नाही. मंत्र म्हणून ठोकलं की लोखंडाचं लोखंडपण जातं, अशी यांची समजूत. करवतीला मंत्र येत नाही, तिने सरळ सांगितलं.

शेजारी मॅरेज लॉन आहे. तिथल्या वॉचमनकडून माणसं तपासायचा तो दांडा मागून आणला. बुडाच्या बाजूने फिरवला, गप्प. वरच्या बाजूने, गप्प. बरोबर मध्यावर आणला तर असा बोंबलायला लागला की वॉचमनच दचकला. "इसमें तो पूरी दुकान है, दीदी!" काका दर वर्षी त्याच स्टुलावर चढायचे, तेवढाच हात पुरायचा, म्हणून सगळे खिळे कमरपट्ट्यासारखे एकाच पट्ट्यात.

मी सुधाकरकडे पाहिलं, त्याने मान हलवली. "इथून आडवा तोडायचा," मी म्हटलं. "खिळ्यांचा पट्टा बाजूला काढायचा. बुडाचा तुकडा साफ आहे, शेंड्याकडचा साफ आहे. अख्ख्या लांबीचं टेबल होत नाही."

"अरे असं कसं! ताई, मी पेजवर टाकलं! साखळी मी नवीन आणून देतो, तू चालव ना."

"ही साखळी इथे मिळत नाही, सोबत जास्तीच्या दोनच आहेत. आणि तुटून उडाली तर माझ्या गळ्याला लागेल, तुझ्या पेजला नाही."

तो बसला डोकं धरून. आणि तेवढ्यात खुर्चीतून हसण्याचा आवाज आला. मावशी. शाल तोंडावर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"आई, हसते काय? बाबांचे दिवे आहेत!"

"म्हणूनच हसते. जिन्यात एक बल्ब लाव म्हणून मी जन्मभर सांगितलं तुझ्या बाबांना. नाही लावला. अंधारात पाण्याची बालटी घेऊन चढले मी. आणि हे नदीपार येऊन पितरांना उजेड दाखवत होते." तिने डोळे पुसले. "आज पहिल्यांदा त्यांच्या दिव्याचा मला काही उपयोग झाला बघ."

 वॉचमन दांडा घेऊन हळूच सटकला.

माधव सावरला. धंदेवाला माणूस, लगेच दुसरा हिशोब. "ठीक आहे, मग बुडाचा तुकडा मला. त्यातून दोन चौडे टेबल निघतील. आईला शेंड्याकडचं दे, तिला कितीसं लागतं?"

इतका वेळ मी स्वतःला आवरलं होतं, आता नाही आवरलं. "माधव, तुझ्या आईला कितीसं लागतं हे तू आजपर्यंत विचारलंस का? बुडाचा तुकडा मी चिरणार, आणि त्यातली पहिली फळी ती निवडणार. नाहीतर मशीन गाडीत टाकते आणि तू हा ओंडका बसून पाहा. कॅफेत लाव फोटो."

मावशीने तिसरी निवडली. गाभ्याच्या शेजारची, सगळ्यात रुंद, एक गाठ नाही, एक खिळा नाही. मी माझं कर्तव्य म्हणून सांगितलं, की लाकूड आतून ओलं आहे, सावलीत रचून निदान दोन पावसाळे वाळवायला पाहिजे, नाहीतर वाकेल.

"वाकू दे. मीपण वाकलेच आहे. मला आत्ता बसायचंय."

फळ्या नावेतून आणल्या. गल्लीच्या वळणावर फळी वळत नाही, म्हणून रामनगरहून सरळ नदीने दुर्गाघाटला. असं काही करायचं असेल तर नाववाल्याशी आधी ठरवा, आणि त्याला 'फळी' म्हणून सांगू नका, वजन सांगा. आमचा नाववाला पहिली फळी पाहूनच राम राम म्हणायला लागला. घाटाच्या पायऱ्या चढताना चार गडी आणि सुधाकर. मध्ये एका मुलीने विचारलं, "इज धिस फॉर अ रिच्युअल?" मी हो म्हटलं. खोटं नव्हतं.

ठठेरी बाजारातून पितळी कड्या आणल्या, बाहेरच्या खोलीच्या गर्डरला वेल्डरकडून हुक लावून घेतले. बरोबर तख्त होता तिथे. फळीला रंधा मारला, तेल दिलं. मावशी आधी हाताने दाबून पाहत होती. मग बसली. मग पाय वर घेतले. मांडी घातली. आणि आम्हाला म्हणाली, "चहा कोण करतंय?"

माधवने केला. पातळ.

घरी येऊन आता महिना होत आला. साखळ्या गेल्या, माझी पाठ अजून धरलेली आहे. काशीला जाऊन मला शांत वगैरे काही वाटलं नाही, आणि ज्यांना वाटतं त्यांच्याबद्दलचं माझं मत तुम्ही वाचलंच आहे. कोणी असा मोठा ओंडका चिरायला जाणार असाल तर मेटल डिटेक्टर न्या. आणि घरच्यांना 'खिळे आहेत का' असं विचारू नका, 'या झाडाशी तुमच्या घरातल्या पुरुषांनी काय काय केलं' असं विचारा. बाईला विचाराल तर अजून बरं. मी मावशीला विचारलं असतं तर तिने फोनवरच सगळे मोजून सांगितले असते.

परवा माधवचा फोन आला. मला वाटलं बंगई वाकली.

"ताई, तू आईला समजाव ना जरा. पुण्याचे यजमान आलेले, मोठे लोक. आई बंगईवरून उठलीच नाही. ते बिचारे खाली चटईवर बसले. मी इशारा केला तर म्हणते, मी बसलेय, दिसत नाही का? मी कुठे बसू, सांग?"

"उंबरा आहे ना," मी म्हटलं.