भिमाबाईची एक खिडकी

माझी धाकटी जाऊ भिमाबाई हिचं कुणी कौतुक केलं की माझ्या पोटात दुखतं. लपवू कशाला? जानेफळात आमची घरं एकाच भिंतीला लागून आहेत. ती शाळेत पोरांची खिचडी शिजवते. हातात पडतं ते सांगायलाही लाज वाटावी, तरी गावच्या बायका सल्ला विचारायला तिच्याच ओट्यावर बसतात. बचतगटाची अध्यक्ष मी, पण आकडा अडला की सगळ्या तिच्याकडे पळतात.

एका बाबतीत मात्र मी वरचढ होते. मला मुलगी आहे, तिला नाही. माझी पायल नांदुऱ्याला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे माझ्या घरी, मे महिन्यात होणार होतं. हे मी भिमाबाईला महिन्यातून चार वेळा ऐकवत असे.

दोन्ही घरांच्या खिडक्या वाळवीनं खाल्लेल्या. फेब्रुवारीत मी साखर मागायला गेले, तर तिच्या टीव्हीजवळ एक यादी पडली होती. ही बाई सगळी रक्कम शेकड्यात लिहिते. खिडकी ४८, जाळी ९, जुनी चौकट काढणं ६, गिलावा ७. शेवटी कूलर ३०. म्हणजे सात हजारांची खिडकी आणि वर तीन हजारांचा कूलर. माझा जीव जळाला.

“औंदा एकच बसवतो बाई,” ती म्हणाली. “हे चांगली झाली का मंग दुसरीचं पाहू.”

आमच्याकडे सोयाबीनचे एकवीस हजार होते. मी घरी येऊन तिच्या यादीला तीननं गुणलं, कूलर तेवढा गाळला, कारण तो आमच्याकडे होताच. हिशेब बरोब्बर एकवीस हजारांवर बसला. दुसऱ्याच दिवशी मेहकरहून खिडक्या बसवणाऱ्या हबीबभाईला बोलावलं आणि तिन्ही खिडक्या सरकत्या काचेच्या सांगितल्या.

“भाभी, भिमाबाईनं पल्ल्याची सांगतली, पुरी उघडते ते,” हबीबभाई म्हणाला. “तुमची बी एक तशीच करू का?”

“तिची पल्ल्याची हाय ना? मंग मले सरकतीच पाह्यजे,” मी म्हणाले.

खिडक्या बसल्या तो आठवडा माझा होता. बायका बघायला आल्या, काच सरकवून गेल्या. भिमाबाईही आली. “लय सुंदर झाल्या बाई,” म्हणाली, मग खिडकीकडे बघत काहीतरी बोलू लागली. मी लगेच चहाचं विचारलं. तिचं शहाणपण त्या दिवशी मला नको होतं.

एप्रिलअखेर पायल आली, आठवा भरलेला. ह्यांनी कूलर बाहेरून खिडकीला लावला. सरकती काच अर्धीच उघडते, हे आम्हाला तेव्हा कळलं. निम्मी हवा काचेवर आपटून अंगणात जाऊ लागली आणि आत लेक घामानं निथळत राहिली.

भिंतीपलीकडे मात्र कूलर मजेत चालला होता. मी तरातरा गेले. “तुया तीन हजाराचा कूलर कुठी हाय?”

“जुनाच हाय बाई,” ती म्हणाली. “तीस इंच त्याचं तोंड. तेवढी मोकळी जागा पाह्यजे म्हणून लिवून ठेवलं होतं.”

हबीबभाईला फोन केला. खिडकी बदलायची तर पुन्हा पाच हजार, म्हणाला. माझ्याकडे पाचशे नव्हते.

तिसऱ्या दुपारी पायल उशी घेऊन उठली. “आई, मी काकूकडं झोपतो.” आधी दुपारचीच जायची, मग जेवणही तिकडेच होऊ लागलं. “तुमीबी या बाई, पोरगी तुमचीच हाय,” भिमाबाई म्हणायची. तिनं मला हिणवलं असतं तर बरं वाटलं असतं. तिच्या चांगुलपणावर तर बोटही ठेवता येत नाही.

पायलला मेहकरच्या दवाखान्यात मुलगी झाली. ऑटो परत आला तेव्हा मी भाकरतुकडा आणि पाणी घेऊन माझ्या दारात उभी होते. पायल बाळाला घेऊन उतरली, माझ्याकडे बघून हसली आणि सवयीनं भिमाबाईच्या दाराकडे वळली.

मी हातातलं सगळं घेऊन तिच्या मागे गेले, आणि माझ्या पहिल्या नातीवरून भाकरतुकडा ओवाळला तो जावेच्या उंबऱ्यावर.