बागेचा पाइप

सिग्नलला तापलेल्या रबराचा वास आला की मला लग्नानंतर सासू-सासऱ्यांबरोबर केलेली खडकवासल्याची सहल आठवते. सासऱ्यांच्या जुन्या गाडीत इंजिनाचं पाणी फिरवणारा रबरी पाइप चिरला होता. मेकॅनिकने नवा घालायला सांगितलं, तर सासऱ्यांनी बागेच्या हिरव्या पाइपाचा तुकडा कापून तिथे बसवला आणि "पाणीच तर जायचंय त्यातून," असं आम्हाला ऐकवलं. धरण दिसायला लागलं तोच बॉनेटमधून वाफ उसळली. तो पाइप शिजलेल्या भेंडीसारखा लिबलिबीत होऊन फाटला होता आणि त्यातून गंजकं, तांबूस पाणी गळत होतं. सासऱ्यांनी सासूबाईंना बोलावलं. "मी चिंधी गुंडाळतो, तू हा धर." "अहो, तापलाय तो," त्या म्हणाल्या. "पोळ्या भाजतेस ना रोज?" त्यांनी पदर गुंडाळून पाइप धरला आणि आतलं उकळतं पाणी भसकन त्यांच्या तळव्यावर आलं. त्या हात छातीशी धरून रस्त्याच्या कडेला बसल्या. "एवढंही धरवलं नाही. आता गाडीत काय घालू?" असं म्हणत सासऱ्यांनी आमच्या पिण्याच्या पाण्याचा फिरकीचा तांब्या उचलला. तो तांब्या मी त्यांच्या हातून ओढून घेतला आणि सगळाच्या सगळा सासूबाईंच्या हातावर रिकामा केला. मग आम्ही दोघी त्यांना तिथेच सोडून बसने घरी आलो. सासरे आता नाहीत, पण त्यांच्या काटकसरीचं कौतुक कुणी सुरू केलं की मी आजही उठून आत जाते.