राखणदाराचा वाटा

लग्न होऊन मी खाडीकाठी आले तेव्हा मला पोहता येत नव्हतं, मासे साफ करता येत नव्हते आणि चिखलात धड चालताही येत नव्हतं. माझं माहेर कसालच्या बाजूचं, भाताचं आणि काजूचं. आमच्याकडे ओले मासे बाजाराच्या दिवशी यायचे, तेही प्रवासाने दमलेले. सासरच्या बायका मला डोंगरातली म्हणत. मीही काही कमी नव्हते. तुमच्या अंगाला बारा महिने चिखलाचा वास येतो, असं मी तोंडावर सांगून मोकळी व्हायची. स्वराज्य येऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती आणि माझी जीभ आतापेक्षाही तिखट होती.

पहिल्यांदा त्या बायकांबरोबर तिसऱ्या, म्हणजे खाडीतले खायचे शिंपले, काढायला गेले. ओहोटीला पाणी उतरलं की खाडीच्या मधोमध चिखल-वाळूचा लांब पट्टा उघडा पडे. त्यात पायाने चाचपत जायचं, कडक काही लागलं की वाकून शिंपला उचलायचा. गावातल्या सगळ्या बायका एकाच बाजूला दाटीवाटीने वाकलेल्या, आणि पलीकडे कांदळांच्या, म्हणजे खारफुटीच्या झाडांच्या, कडेला चांगली मोकळी जागा. म्हटलं, काय या बायका! टोपली उचलली आणि निघाले तिकडे. इतक्यात माझ्या थोरल्या जावेने मागून दंड धरून असं ओढलं की मी चिखलात बसलेच.

त्या मोकळ्या जागेच्या चारी कोपऱ्यांवर काठ्या रोवलेल्या होत्या आणि प्रत्येक काठीला चुडत, म्हणजे माडाच्या झावळीचा तुकडा, बांधलेला होता. "तो राखणदाराचो वाटो," जाऊ म्हणाली. "थंय पाय ठेवचो नाय."

राखणदार म्हणजे गावाच्या शिवेवरून फिरणारा, कुणाला न दिसणारा रक्षक. खाडीतला तेवढा तुकडा त्याच्या जेवणाचा. तिथली तिसरी गावातल्या कुणी कधी काढली नव्हती. बायका म्हणत, त्याचं पोट भरलं की उरलेलं तो आपल्या बाजूला सरकवतो, म्हणून आपल्याला दरवर्षी मिळतं. मी चिखल झटकत विचारलं, कच्च्याच खातो की शिजवून? कुणी हसलं नाही. पुढे मी स्वतः पाहिलं की कांदळांतून पाणमांजरं येत, त्या तुकड्यात लोळत, खेकडे फोडून कवचं तिथंच टाकत आणि आमच्याकडे बघून शिट्टीसारखा आवाज काढत. बायका त्यांना राखणदाराची पोरं म्हणत आणि कुणाला त्यांच्यावर दगड मारू देत नसत.

ही चुडतं दरवर्षी जत्रा झाली की बदलायची आणि ती आमच्या घरच्या थोरल्या सुनेने बदलायची, असा पूर्वापार रिवाज होता. थोरली सून म्हणजे माझी ही जाऊ. मी तिला वैनी म्हणायची. तिचा नवरा गलबतावर गेला तो परत आला नाही. त्या काळात अशा बाईला कुणी हळदीकुंकवाला बोलवत नसे, नव्या नवरीसमोर येऊ देत नसे, सकाळी बाहेर पडताना ती दिसली तर माणसं चपला काढून पुन्हा बसत. घरातही तिचा वावर मागच्या पडवीत. पण चुडतं बदलायच्या दिवशी सगळ्या वाडीच्या बायका काठावर उभ्या राहून तिची वाट बघत. ती पाण्यात उतरायची, काठ्या हलवून बघायची, जुनी चुडतं सोडून नवी बांधायची आणि मग मागे वळून हात करायची. तिने हात केल्याशिवाय एक बाई पाण्यात पाय घालत नसे. वर्षभर मान खाली घालून वावरणारी ही बाई त्या दिवशी इतकी ताठ चालायची की मला तिची थट्टा करायचं धाडस व्हायचं नाही.

मग बंधाऱ्याचं निघालं. खाडीचं खारं पाणी उधाणाला शेतात शिरत होतं आणि भाताचे कुणगे, म्हणजे बांध घातलेले तुकडे, एकामागून एक नासत होते. आमचेही नासले होते. गावाने ठरवलं, सरकारची वाट बघत बसायचं नाही, घरटी एक माणूस देऊन श्रमदानाने बंधारा घालायचा. माती आपली, चिरे आपल्या खाणीतले. फक्त बंधाऱ्यातून पाणी सोडायच्या मोरीच्या बांधकामाला चुना हवा होता, कारण सिमेंट परवान्याशिवाय मिळत नसे आणि परवाना मिळत नसे. चुना शिंपल्यांचा भाजायचा. आणि इतके शिंपले एका जागी कुठे असणार? जिथे पिढ्यान् पिढ्या कुणी हात लावला नव्हता तिथेच. राखणदाराच्या वाट्यात मेलेल्या शिंपल्यांचा थर पुरुषभर खोल असेल, असं खाडीत काठी खुपसून बघणारे सांगत होते.

गावाने हे मुकाट्याने केलं नाही, हे मात्र सांगायला हवं. मानकरी देवळात जमले, गुरवाने कौल मागायला देवाच्या पाषाणाला पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. तुझ्याच लेकरांची शेती वाचवायला मागतो आहोत, राखणदाराची समजूत तू घाल, असं काहीसं. पुरुषांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हटलं. उजवी पाकळी पडली. देवाने होकार दिला. सगळे हलक्या मनाने घरी आले आणि वैनीला निरोप पाठवला की चुडतं काढून घ्या.

देवाला विचारलं म्हणजे सगळ्यांना विचारून झालं, अशी आमच्या गावाची समजूत. बायकांना कुणी विचारलं नाही. वैनीलाही नाही. मला त्याचा आजही संताप येतो, कारण देव काही त्या चिखलात उतरत नव्हता.

वैनी गेली आणि चारी काठ्या तिने स्वतःच्या हाताने उपटल्या. मी बरोबर होते. परत येताना मी तणतणत होते, तुम्ही बोलत का नाही म्हणून तिच्या मागे लागले होते. ती म्हणाली, देव बोलल्यावर मी कोण बोलणारी. एवढं बोलून तिने काठ्या खांद्यावर घेतल्या आणि माझ्या पुढे चालू लागली.

खणायचा दिवस मात्र आनंदाचा होता, आणि हेच मला सगळ्यात जास्त लागतं. सगळा गाव पाण्यात. एरवी एकमेकांच्या विहिरीवर न जाणारी माणसं एका रांगेत उभी राहून टोपल्या पुढे देत होती. पुरुष गाणी म्हणत होते, बायका त्यांच्या बेसुरावर हसत होत्या, घराघरांतून पेज आणि फणसाची भाजी येत होती. गाव असा एक झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता, त्यानंतरही नाही. टोपलीत मेलेल्या शिंपल्यांबरोबर जिवंत तिसऱ्याही येत होत्या, बोटाच्या पेराएवढ्या. त्या निवडून पाण्यात टाकायला कुणाला वेळ होता? भट्टीच्या लाकडासाठी कांदळही तोडले गेले. देवाचा होकार होता, सरपणाला पुन्हा कोण विचारतो.

बंधारा झाला. उत्तम झाला. खारं पाणी थांबलं, भात आलं, आमच्या घरात वर्षाचा तांदूळ राहू लागला. मी खोटं बोलणार नाही, त्या तांदळाने माझी मुलं वाढली. पण खणलेल्या खड्ड्यात गाळ बसत गेला, बंधाऱ्याने प्रवाह मंदावला तसा तो आणखी बसला आणि मऊ, काळा, वास येणारा चिखल सगळ्या पट्ट्यावर पसरला. पहिल्या वर्षी बायका म्हणाल्या, यंदा तिसऱ्या कमी. दुसऱ्या वर्षी म्हणाल्या, लहान आहेत. मग टोपल्या रिकाम्याच परत येऊ लागल्या आणि बायका जाईनाशा झाल्या. पाणमांजरं कधी गेली ते कळलंच नाही. शिट्टी ऐकू येत नाही, हे एके दिवशी लक्षात आलं, तोवर बराच काळ उलटला होता. जत्रा झाली की काठावर कुणी जमत नसे आणि वैनी मागच्या पडवीत बसून वाती वळायची.

काही वर्षांनी गावाला रुखरुख लागली. कालवणाला तिसरी मिळेना, वर राखणदाराचा कोप झाल्याची कुजबुज. मानकरी पुन्हा देवळात गेले, चूकभूल माफ कर म्हणून गाऱ्हाणं घातलं, पुन्हा पाकळ्या लावल्या, पुन्हा उजवी पडली. दुसऱ्या दिवशी चौघं जण आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, आले. आमच्या खळ्यात गावचे मानकरी वैनीसाठी आले, असं पहिल्यांदाच घडत होतं. त्यांनी तिच्यापुढे मानाचा नारळ ठेवला. म्हणाले, यंदापासून वाटा पुन्हा राखायचा, चुडतं पूर्वीसारखी तुमच्याच हाताने लावायची, देवाने होकार दिला आहे.

वैनी दाराच्या आत उभी होती. मी तिच्या शेजारी. मला वाटलं, आता ही ताठ होईल. तिचा दिवस तिला परत मिळत होता.

ती म्हणाली, "थंय आता चिखल आसा. चिखलाक राखण कित्याक?"

त्यांतले सगळ्यात म्हातारे होते ते म्हणाले की देवावर विश्वास ठेवा, होईल सगळं पूर्ववत.

"देवाचा काय चुकला नाय," वैनी म्हणाली. तिचा आवाज इतका हळू होता की त्यांना पुढे वाकावं लागलं. "त्या दिवशी तुमी माका इचारूक व्हया होता. मी नाय म्हटला आसता."

 मानकरी उठले, पायांत चपला घातल्या आणि गेले. नारळ तिथंच राहिला. मी तो उचलून देवापुढे ठेवू लागले, तर वैनीने मला थांबवलं आणि खोवून सारात घालायला सांगितलं. चुलीपुढे बसून नारळ खोवताना मला रडू आवरेना. ती मात्र सूप घेऊन उंबऱ्यावर बसली आणि रात्रीच्या भाताचे तांदूळ निवडू लागली, बंधाऱ्याआतले, आमच्याच कुणग्यांतले.